अ अननसाचा, पण घाई कुणाची?

ज्युनियर केजीच्या आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप. रात्रीचे साडेनऊ. कुणीतरी फोटो टाकतं, चार रेघी वहीत एका ओळीत बारा वेळा काढलेला कॅपिटल 'ए'. खाली अंगठे, हार्ट्स, फुलं. आणि मग तो मेसेज येतो, 'आमच्याचं झेडपर्यंत झालं, आता स्मॉल लेटर्स चालू!' झालं. जुळे सोलापूरपासून अशोक चौकापर्यंत चार-पाच घरांत टीव्ही बंद होतो, दप्तर उघडतं आणि साडेतीन वर्षांच्या एका जीवाच्या हातात झोपायच्या वेळी पेन्सिल येते. दिवसभर ऑफिसात टार्गेट, घरी आल्यावर पुन्हा टार्गेट. फक्त या वेळी ते आपलं नसतं, पोराचं असतं.

आता जरा त्या हाताकडे बघा. मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा त्यातलं एकही हाड 'हाड' झालेलं नसतं, सगळी मऊ कूर्चा! ती एकेक करत पक्की होतात आणि शेवटचं हाड तयार व्हायला वयाचं आठवं ते बारावं वर्ष उजाडतं. पेन्सिल तीन बोटांत नीट धरायला लागणारी ताकदही हळूहळूच येते. म्हणजे 'हा मुद्दाम वेडंवाकडं काढतो' ही आपली तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या खिडकीवर केलेली असते.

ओळखणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, हे आपण विसरतो. चार वर्षांची मुलगी बसवरचं 'स' बोटानं दाखवते, पण तिला तो काढता येत नाही. यात काहीच बिघडलेलं नाही. आधी कान, मग डोळा, मग हात, हा क्रम आहे. कान म्हणजे? 'सोलापूर, सायकल, साखर' या तिन्ही शब्दांची सुरुवात सारखी आहे, हे ऐकून कळणं. ते एकदा कळलं की 'स'चं चित्र डोक्यात घर करतं.

इथे मराठी एकदम फायद्यात आहे, बरं का. आपल्याकडे अक्षराचं नाव तोच त्याचा आवाज. 'क' म्हणजे क. इंग्रजीत 'एच' या नावाच्या सुरुवातीला 'ह' नाही आणि 'डब्ल्यू'त 'व'चा पत्ता नाही! शिवाय 26 अक्षरांची कॅपिटल आणि स्मॉल मिळून 52 रूपं. योगायोग म्हणजे 2009 च्या शासन निर्णयानं ठरवलेल्या मराठी वर्णमालेतही 52 च वर्ण आहेत. पण मराठीची स्वतःची डोकेदुखी आहेच. 'कि' म्हणताना आधी क उच्चारायचा, काढताना वेलांटी मात्र डावीकडे. आणि घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष या जोड्या तर मोठ्यांच्या घाईच्या अक्षरातही कळत नाहीत.

सोलापुरात प्रकरण आणखी रंगतदार आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात आजी तेलुगूत बोलते, शेजारच्या काकू कन्नडमध्ये, गल्लीत मराठी, पलीकडे उर्दू आणि शाळेत 'गुड मॉर्निंग टीचर'. महापालिकेच्या शाळाच मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या! तेलुगू आणि कन्नड लिप्या सख्ख्या बहिणींसारख्या, गोल गोल. ताडपत्रावर टोकदार लेखणीनं आडव्या रेघा ओढल्या तर पान फाटतं, म्हणून त्या गोल झाल्या असं सांगतात. आपली देवनागरी डोक्यावर रेघ घेऊन उभी. उर्दू उजवीकडून डावीकडे, आणि अक्षर शब्दात कुठे आलंय त्यावर त्याचा आकार बदलणार. एवढं सगळं आसपास असलेल्या पोराला आपण काय विचारतो? 'ए फॉर?'

खरा धोका इथेच आहे. मूल ज्या भाषेत गोष्टी ऐकतं, भांडतं, रडतं, तिचं एकही अक्षर न बघता थेट परक्या भाषेच्या अक्षरावर पेन्सिल टेकवली, तर त्याच्यासाठी ते फक्त चित्र असतं. आवाज नाही, अर्थ नाही. माझं स्पष्ट मत, शाळा कुठल्याही माध्यमाची असू दे, घरची भाषा कानावर आणि घरची अक्षरं नजरेसमोर राहिलीच पाहिजेत. तेलुगू घरांत अक्षराभ्यासम् असतो, तांदळावर बोट धरून पहिलं अक्षर. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन. दोन्हींत पेन्सिलची सक्ती नाही, आणि होमवर्क तर नाहीच!

जुन्या शाळांतली धूळपाटी तरी काय होती? पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं गिरवायचं. चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी. मारिया माँटेसरींची खरखरीत कागदाची अक्षरंही त्याच जातीची, बोट फिरवत आवाज म्हणायचा. त्या 1939 मध्ये भारतात आल्या. पण महाराष्ट्रात ताराबाई मोडक त्याआधीच कामाला लागल्या होत्या. गिजुभाई बधेकांबरोबर 1926 मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले. आज हजारोंची 'ॲक्टिव्हिटी किट' विकणाऱ्यांनी एकदा तिकडे बघावं.

सोलापूरकरांना तर किटची गरजच नाही. शेंगा फोडायला बसवा. चटणीसाठी नाहीतरी लागतातच, आणि अंगठा-तर्जनीची चिमूट पक्की होते. भाकरीच्या पिठाचा गोळा मळायला द्या. ताटात ज्वारीचं पीठ पसरा, त्यात बोटानं 'ग' काढू द्या. मालदांडीच असली पाहिजे असं काही नाही! आजीचा ओरडा पडेल, ती तयारी ठेवा. आणि सुरुवात 'अ'नंच करायचा हट्ट नको, 'अ' हे काढायला चांगलंच कठीण अक्षर आहे. ग, म, न, र, स सोपे. शाळांत अक्षरगट पाडून शिकवायची पद्धत जुनीच आहे.

आणि ती ठिपके जोडायची पुस्तकं? 2012 मध्ये करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट या अमेरिकेतल्या संशोधकांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून अक्षरं तीन तऱ्हांनी करून घेतली. हातानं मोकळी काढून, ठिपक्यांवर गिरवून आणि की-बोर्डवर टाइप करून. मग मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते मोकळ्या हातानं काढलेल्या अक्षरांनी जागे झाले. गिरवणं आणि टायपिंगचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे तो वाकडातिकडा, स्वतःच्या हिमतीवर काढलेला 'म'च खरा कामाचा!

अक्षर उलटं आलं तरी घाबरू नका. चार ते सहा वर्षांत आरशातलं लिहिणं अगदी कॉमन आहे. कप डावीकडून बघा नाहीतर उजवीकडून, कप तो कपच. अक्षराला मात्र दिशा असते, हे मेंदूला नव्यानं शिकावं लागतं. दुसरीच्या पुढेही तसंच राहिलं तर मात्र तज्ज्ञांना जरूर दाखवा.

नियमांचं म्हणाल तर 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पहिलीचं वय सहा आहे आणि तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा. तेव्हा त्या रात्री साडेनऊच्या मेसेजला एक अंगठा द्या आणि फोन बाजूला ठेवा. पोराला मांडीवर घेऊन त्याच्याच नावाचं पहिलं अक्षर दाखवा. मुलांना सगळ्यात आधी तेच आवडतं. नाव सिद्धेश्वर असेल तर सध्या 'स' पुरे. 'द्धे' कसा काढायचा, हे तो एक दिवस स्वतःच विचारेल.