‘नाही’ म्हणण्याआधी

उमदीकडच्या रस्त्यालगतची ती बाग फेब्रुवारीत उतरायला आली होती. जतच्या उन्हाळ्यांत टँकरच्या पाण्यावर जगवलेली. प्रयोगशाळेचा मुलगा नमुना घ्यायला आला तेव्हा मीही त्याच्यामागून वाकून मांडवाखाली शिरलो. कडेच्या ओळी सोडून तो बाग तिरकी फिरला आणि ठिकठिकाणच्या वेलींवरून घड कापत गेला. मागून अण्णा म्हणाले, “नुसतं देखणं घड घिऊ नगं, बाळ. पानाआडचं बी घे. औषध तितंच जास्त दिस ऱ्हातं.” स्वतःच्या मालाची कडक तपासणी मागणारा तो बागायतदार मला फार मोठा वाटला. पिशवीला सील लागलं, बागेचा नोंदणी क्रमांक चढला.

या काळजीमागे 2010चा हंगाम आहे. त्या वर्षी क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. शेंड्याची वाढ रोखून डोळ्यांत घड धरावा म्हणून खरड छाटणीनंतर ते मारलं जाई. ते वेलीत मुरतं आणि महिन्यांनी फळात उतरतं. डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. ते हुडकायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, म्हणजे रेणूंचा तराजू.

प्रयोगशाळेत घडांचा लगदा झाला. बहुतेक औषधांसाठी 10 ग्रॅम लगद्यात 10 मिली इथाइल अॅसिटेट घालतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात डॉ. कौशिक बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी द्राक्षासाठी बसवलेली ही पद्धत. सीसीसी मात्र त्यात उतरत नाही, त्याला मिथेनॉल लागतं.

मग अर्क बारीक सुईतून विजेच्या दाबाखाली फवारला जातो. थेंब वाळतात, विद्युतभारित रेणू उरतात. चार सळ्यांमधली वाट ठरलेल्या वजनालाच पुढे सोडते. सीसीसीचं वजन 122. पण 122चे दुसरेही रेणू असतात, म्हणून त्याला वायूवर आपटून मोडतात आणि 58चा तुकडा निघतो का ते पाहतात. शिवाय क्लोरीन निसर्गात 35 आणि 37 अशा दोन वजनांचं, साधारण तिनास एक. त्यामुळे त्याच क्षणी 124लाही शिखर यायला हवं, पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. इतकं जुळलं तरच नाव घ्यायचं. ज्या औषधाला वेगळी मर्यादा नाही त्याला युरोपात किलोमागे 0.01 मिलिग्रॅम चालतं, म्हणजे 10 टनी दहा ट्रक द्राक्षांत मिळून एक ग्रॅम!

हा विजेचा फवारा अमेरिकेच्या जॉन फेन यांनी 1980च्या दशकात प्रथिनांसाठी रुळवला. तोवर इतके अवजड रेणू न मोडता हवेत उचलणं फार कठीण होतं. 2002 साली, वयाच्या 85व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. महेश कुलकर्णी यांचा गट याच तंत्रानं मधुमेहात प्रथिनांना चिकटणारी साखर शोधत आला आहे. ग्लुकोजचा एक रेणू चिकटला की प्रथिन 162नं जड होतं. मण्याला गोडी देणारं ग्लुकोज तेच, रक्तातलंही तेच.

संध्याकाळी अण्णांच्या बागेची रेघ पडद्यावर सपाट गेली. मी सुटकेचा श्वास सोडला, पण तंत्रज्ञ ताईंनी ती रेघ लगेच मानली नाही. सीसीसी मुद्दाम मिसळलेला लगदा त्यांनी पुन्हा चालवला. 122ला शिखर उभं राहिलं, शेजारी 124चं धाकटं. यंत्राला दिसत होतं. म्हणजे बागेतच नव्हतं.

‘आहे’ म्हणायला पुरावा लागतो हे मला ठाऊक होतं. ‘नाही’ म्हणायलाही तितकाच लागतो, हे ताईंच्या खुर्चीशेजारी बसून कळलं.

मग ताईंनी अहवालावर सही केली.