असंघटित म्हणजे नेमके कोण?

• असंघटित क्षेत्र : व्यक्ती वा कुटुंबाच्या मालकीचा, दहापेक्षा कमी कामगारांचा खासगी उद्योग. व्याख्या अर्जुन सेनगुप्ता आयोगाची.

• असंघटित कामगार : मालकाकडून सामाजिक सुरक्षा न मिळणारा. हा मोठ्या कारखान्यातही कंत्राटावर असतो. क्षेत्र आणि कामगार यांची गल्लत नेहमीचीच.

• संख्या : जगात सुमारे 200 कोटी (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, 2018). भारतात दहांपैकी साधारण नऊ.

• घरबसल्या मजुरी : सोलापुरातल्या विडी कामगार स्त्रिया कारखान्याकडून तेंदूपान, तंबाखू, सूत घरी आणतात. पाने भिजवायची, कातरायची, विड्या वळून बांधायच्या. मजुरी हजार विड्यांमागे. वेळेचा हिशेब नाही.

• माथाडी कायदा : महाराष्ट्र, 1969. हमालांची नोंदणी आणि मजुरी मंडळामार्फत.

• पथविक्रेता कायदा : 2014. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे. त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया.

• सूक्ष्म उद्योग : 1 एप्रिल 2025 पासून गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत, उलाढाल 10 कोटींपर्यंत. म्हणजे गल्लीतली पिठाची गिरणी आणि नऊ कोटींची उलाढाल करणारा कारखाना सरकारदरबारी एकाच गटात.