पात्र आणि देह : ‘वेटलिफ्टिंग फेअरी किम बोक-जू’ या मालिकेतील पात्रयोजना

मराठी नाट्यविचारात ‘पात्र’ हा शब्द दुहेरी अर्थाने वावरतो. संहितेतील व्यक्तिरेखा म्हणजे पात्र, आणि ती रंगमंचावर उभी करणारा नटही पात्रच. हे दोन अर्थ एकमेकांशी किती जुळतात आणि कोठे फारकत घेतात, हा पात्रयोजनेचा मूळ प्रश्न होय. कादंबरीत तो उद्भवत नाही, कारण तेथे नायिकेचा देह वाचक आपल्या कल्पनेने घडवितो. दूरचित्रवाणीवर मात्र लेखकाने लिहिलेल्या व्यक्तिरेखेला एका विशिष्ट अभिनेत्रीचा चेहरा आणि बांधा लाभतो, व तोच तिच्या अर्थाचा भाग बनतो. पात्रयोजना ही अशा प्रकारे संहितेवरील पहिली टीका ठरते. हा मुद्दा दक्षिण कोरियातील एका हलक्याफुलक्या महाविद्यालयीन प्रेममालिकेच्या आधारे तपासता येईल.

‘वेटलिफ्टिंग फेअरी किम बोक-जू’ ही सोळा भागांची मालिका एमबीसी वाहिनीवर नोव्हेंबर २०१६ ते जानेवारी २०१७ या काळात प्रसारित झाली. यांग ही-सुंग व किम सू-जिन यांचे लेखन आणि ओ ह्यून-जोंग यांचे दिग्दर्शन तिला लाभले होते. भारोत्तोलनपटू जांग मी-रान हिच्या जीवनापासून कथेला प्रेरणा मिळाली. जांगने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ७५ किलोंवरील गटात एकूण ३२६ किलो वजन उचलून सुवर्णपदक मिळविले होते. मालिकेचे घटनास्थळ एक क्रीडा विद्यापीठ आहे. तेथील वसतिगृह, भोजनगृह आणि सरावाच्या जागा यांतच बहुतेक कथानक घडते.

शीर्षकातच मालिकेचे बीज दिसते. ‘भारोत्तोलन’ आणि ‘परी’ हे दोन शब्द सहसा शेजारी येत नाहीत. एकात जडपणा, सामर्थ्य व घाम आहे. दुसऱ्यात हलकेपणा आणि नाजुकपणा. हे दोन्ही एकाच मुलीच्या ठायी नांदू शकतात काय, हा प्रश्न विनोदाच्या आवरणाखाली सतत विचारला जातो. बोक-जू ही तळलेल्या चिकनचे दुकान चालविणाऱ्या विधुर पित्याची कन्या. ती लठ्ठपणावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरच्या प्रेमात पडते. त्याच्या सहवासासाठी ती त्याच्याकडे गुपचूप उपचार घेऊ लागते आणि आपण चेलो वाजवितो असे त्याला सांगते. हे खोटे वरवर विनोदी असले तरी त्याच्या मुळाशी वेदना आहे. ज्या देहाने तिला क्रीडांगणावर मान मिळवून दिला, तोच देह प्रेमाच्या प्रांतात लपवावा असे तिला वाटते.

इतर पात्रांची मांडणीही याच सूत्राने झालेली आहे. सोंग शी-हो ही लयबद्ध जिम्नॅस्टिक्सची खेळाडू. बोक-जूला बळासाठी पोटभर खावे लागते, तर शी-होला प्रत्येक घासाची धास्ती. दोघी एकाच खोलीत राहतात, आणि स्त्रीदेहावरील वजनाचे ओझे दोन विरुद्ध दिशांनी दिसू लागते. नायक जंग जुन-ह्यंग हा जलतरणपटू बोक-जूचा लहानपणीचा वर्गमित्र आहे. इशाऱ्याआधीच पाण्यात उडी पडण्याच्या दोषाने तो ग्रासलेला आहे. म्हणजे त्याचाही देह त्याच्या मनाचे ऐकत नाही. बोक-जू खेळाडू आहे हे जाणूनच तो तिच्या प्रेमात पडतो. नायिकेचे रूप पालटल्यावरच तिला प्रेम लाभावे, हा प्रेमकथांचा रूढ संकेत येथे संहितेने नाकारला आहे.

आता पात्रयोजनेकडे वळू. बोक-जूची भूमिका ली सुंग-क्यंग हिने केली. ती मूळची मॉडेल. उंच आणि सडपातळ. नायक नाम जू-ह्योक हाही मॉडेलिंगमधूनच आलेला. २०१६ च्याच आरंभी ‘चीज इन द ट्रॅप’ या विद्यापीठीय मालिकेत लीने बेक इन-हा या झगमगीत, मानी तरुणीचे काम केले होते. वजनी गट अनेक असतात, त्यामुळे प्रत्येक भारोत्तोलनपटू स्थूलच असते असे नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात रौप्यपदक मिळविणारी मीराबाई चानू हे आपल्याकडील उदाहरण पुरेसे बोलके आहे. म्हणून ‘अशी खेळाडू असूच शकत नाही’ हा आक्षेप टिकत नाही. खरा आक्षेप निराळा आहे. संहिता प्रेक्षकाला सांगते की, रूढ सौंदर्यकल्पनेत न बसणारा देहही प्रेमास पात्र आहे. पडद्यावरचा देह मात्र त्या कल्पनेत अगोदरच बसलेला आहे. त्यामुळे नायकाचा उदार स्वीकार प्रेक्षकाला फारसा जड जात नाही. स्वतःची सौंदर्यदृष्टी न बदलताही तो नायिकेच्या बाजूचा होऊ शकतो. संहितेने मागितलेली किंमत पात्रयोजनेने माफ केली, असे म्हणावे लागते.

तथापि येथेच थांबणे अन्यायाचे होईल. आखूड कापलेले केस, ढगळ क्रीडावेश, रुंद पावलांची चाल, मैत्रिणींसह मन लावून केलेले भोजन आणि संकोच वाटताच एकदम बालिश होणारा आवाज यांतून अभिनेत्री व्यक्तिरेखेचा भार उचलते. ज्याच्यापासून खेळ लपविला, तोच डॉक्टर स्पर्धेच्या मंचावर तिला पाहतो, तेव्हा तिच्या मुद्रेवरील लज्जा बांध्याचा विसर पाडते. देह जेथे उणा पडतो, तेथे देहबोली त्याची भरपाई करते.

मराठी रंगभूमीला देह आणि भूमिका यांतील अंतर अपरिचित नाही. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका त्यांचे वय उलटल्यावरही प्रेक्षकांनी स्वीकारल्या, कारण संगीत नाटकाच्या संकेतांत गायन हे रूपाहून वरचढ होते. दूरचित्रवाणीचा वास्तवदर्शी कॅमेरा असा संकेत सहसा मान्य करीत नाही. चेहरा अगदी जवळून दाखविताना तो ‘ही तीच आहे’ असा दावा करतो. म्हणूनच रंगभूमीवर जे अंतर कलेचे अंग ठरले, ते येथे मूल्यांची तडजोड ठरू शकते.

यास्तव अशा मालिकांच्या अभ्यासात ‘नटी भूमिकेला शोभते का’ एवढेच विचारणे अपुरे आहे. लिहिलेल्या व्यक्तिरेखेतील कोणता अर्थ नटीच्या देहाने पूर्ण केला आणि कोणता पुसला, हे पाहिले पाहिजे. बोक-जूच्या बाबतीत भारोत्तोलन अभिनयाने राखले, परी पात्रयोजनेने आधीच आणून ठेवली होती. दोहोंचा मेळ घालण्याचे जे काम मालिकेने प्रेक्षकावर सोपवायला हवे होते, ते तिने अर्धेच सोपविले. ते अर्धेही हलक्याफुलक्या प्रेमकथेच्या साच्यात क्वचितच आढळते, ही या मालिकेची जमेची बाजू होय.