घरचा संगणक, घरचं एआय : लेखांक ४ – चालेल का, आणि कितपत चालेल?

आषाढी दशमीला पंढरपुरात फोनवर नेटवर्कच्या चार काड्या दिसतात आणि साधा मेसेज जात नाही. गाव लाखभर वस्तीचं, त्यात लाखो वारकरी. टॉवर तरी किती पुरे पडणार! त्यामुळे ‘इंटरनेटशिवाय चालणारं एआय’ म्हटलं की इथल्या माणसाला आधी वारीचे दिवस आठवतात. पण ती अडचण आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्रीपुरती. खरी गरज बारमाही आहे. मठाच्या संगणकात दिंडीची यादी असते : नाव, गाव, वय, आधार क्रमांक, घरच्यांचा नंबर, कोणाला साखरेची गोळी चालू आहे, कोणाची बायपास झालेली आहे. वकिलाकडे अशिलाचे कागद असतात, कर सल्लागाराकडे निम्म्या बाजारपेठेची कुंडली. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली आला. दुसऱ्याचे कागद तिऱ्हाइताला दाखवू नयेत हे शहाण्या माणसाला त्याआधीही कळत होतं.

मागच्या लेखांकात आपण पाहिलं की भाषेचं मॉडेल म्हणजे शेवटी एक भलीमोठी फाइल. ती आपल्या यंत्रावर उतरवली की प्रश्न आणि उत्तर दोन्ही घरातच राहतात. त्यावर बहुतेकांची विचारणा एकच : ‘आमच्या पीसीवर चालेल का?’ दुकानदाराला विचारलं तर तो ‘आय-७ घ्या’ म्हणणार. घेऊ नका. आधी आहे ते यंत्र तपासा, आणि त्यासाठी काही डाउनलोड करायची गरज नाही.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी, म्हणजेच रॅम. समजा आकडे असे दिसले : एकूण ८ जीबी, त्यातले ४.१ वापरात, स्पीड २४००, आणि खाली बारीक अक्षरात ‘स्लॉट्स यूज्ड : १ ऑफ २’. कितीतरी कचेऱ्यांत, मठांत, घरांत असलेल्या पाचसहा वर्षं जुन्या आय-३ यंत्राचं हे ठरलेलं चित्र. हेच उदाहरण धरून चालू.

पहिला प्रश्न मावण्याचा. मॉडेलच्या नावात ४बी, ८बी असं काही लिहिलेलं असतं. म्हणजे ४ अब्ज, ८ अब्ज आकडे. मूळ रूपात प्रत्येक आकड्याला २ बाइट लागतात, म्हणजे ७ अब्जांचं मॉडेल १४ जीबीचं. मेटा कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये लामा हे मॉडेल काढलं तेव्हा ते घरच्या यंत्रावर चालवायचं म्हणजे गंमतच होती. पुढच्याच महिन्यात बल्गेरियाच्या गिऑर्गी गेर्गानोव्हने लामा-डॉट-सीपीपी नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि हे आकडे ४ बिटांपर्यंत, म्हणजे अर्ध्या बाइटपर्यंत, दाबून साध्या लॅपटॉपवर मॉडेल बोलतं केलं. आज ओलामा, एलएम स्टुडिओ ही जी सोपी सॉफ्टवेअरं मिळतात, ती याच कामाच्या खांद्यावर उभी आहेत. दाबल्यावर ७ अब्जांचं मॉडेल चार जीबीच्या थोडं वर, ८ अब्जांचं पाचाच्या जवळ, ४ अब्जांचं अडीचच्या आसपास येतं. दाबताना थोडी अक्कल सांडते, पण ४ बिटांपर्यंत ती फारशी जाणवत नाही. त्याखाली गेलं की जाणवते.

आपल्या ८ जीबीतले ४ मोकळे. अडीचचं मॉडेल मावेल, पाचचं मावणार नाही. तरी ओढूनताणून चालवलंत तर विंडोज रॅमचा भार डिस्कवर टाकायला लागेल आणि माउसचा बाणसुद्धा अडकत अडकत हलेल. शिवाय फाइल मावली म्हणजे काम झालं असंही नाही. जितका लांब मजकूर तुम्ही वाचायला द्याल तितकी आणखी जागा लागते. लामा ३ च्या ८ अब्जांच्या मॉडेलला ८ हजार टोकनांच्या संभाषणासाठी वेगळा १ जीबी लागतो. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

दुसरा प्रश्न वेगाचा, आणि इथे दुकानदाराचं गणित चुकतं. उत्तर लिहिताना मॉडेल एकेक टोकन काढतं, आणि प्रत्येक टोकनासाठी ती सगळी अडीच जीबीची फाइल रॅममधून प्रोसेसरकडे एकदा जावी लागते. आत पुजारी कितीही चपळ असला तरी दर्शनबारीचा दरवाजा जेवढा रुंद तेवढीच माणसं आत येणार. प्रोसेसर आणि रॅमचं नातं तसंच आहे. २४०० स्पीडची रॅमची एक पट्टी सेकंदाला १९.२ जीबी पोचवते. भागिले अडीच केलं की साडेसात टोकनांची मर्यादा येते. प्रत्यक्षात पाचेक पडतील. तो ‘१ ऑफ २’ म्हणूनच महत्त्वाचा. दुसऱ्या स्लॉटमध्ये तशीच पट्टी बसली की वाट दुहेरी होते, वेग जवळजवळ दुप्पट होतो, आणि जागाही १६ जीबी होते. अख्ख्या यंत्रात पैशाला सगळ्यात जास्त जागणारा खर्च हाच.

होता, म्हणायला हवं. मोठ्या कंपन्यांच्या एआय डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरात एआय ठेवायचं म्हणून रॅम घ्यायला जावं, तर ती बाहेरच्या एआयनेच महाग करून ठेवलेली.

प्रोसेसर अगदीच बिनकामाचा नाही. तुम्ही दिलेला मजकूर वाचताना त्याचा कस लागतो. कोर्टाचा दहा पानांचा मराठी निकाल त्या आय-३ ला दिलात तर पहिला शब्द उमटेपर्यंत पाचसात मिनिटं सहज जातील. प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-२ नावाची सोय आहे का, तेही पाहा. एलएम स्टुडिओ तिच्याशिवाय चालत नाही. इंटेलच्या आय-३, आय-५, आय-७ मध्ये ती २०१३ च्या चौथ्या पिढीपासून आहे. पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं नव्हती. म्हणजे डबा नवा आणि सोय नाही, असं होऊ शकतं.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडक्यात. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूवर गेलात की मोठा आकडा दिसतो. त्यातला ‘शेअर्ड’ सोडून द्या, ती तुमचीच रॅम आहे. ‘डेडिकेटेड’ किती ते बघा. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीच्या कार्डाची वाट सेकंदाला ३६० जीबीची आहे. तिथे ८ अब्जांचं मॉडेल चाळीसपन्नास टोकनांनी पळतं. कार्ड बसवायचं तर पॉवर सप्लायही तसा हवा. एनव्हिडिया ५५० वॉटचा सांगते, आणि कचेरीतल्या लहान डब्यात तो क्वचितच असतो.

आता टोकनाकडे. इंग्रजी अक्षर संगणकात १ बाइटचं, देवनागरी चिन्ह ३ बाइटचं. ‘विठ्ठल’ लिहायला व, वेलांटी, ठ, हलंत, ठ, ल अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. लामा २ च्या शब्दसंग्रहात ३२ हजार तुकडे होते आणि ते प्रामुख्याने इंग्रजीच्या सोयीचे, त्यामुळे मराठी शब्दाचा जवळजवळ अक्षरागणिक चुरा व्हायचा. २०२४ मध्ये स्मॉलस्टेप एआयने ‘मिसळ’ नावाची मराठी मॉडेलं काढली तेव्हा लामा २ च्या या संग्रहात मराठी तुकडे घालणं हे त्यांच्या कामातलं पहिलं पाऊल होतं. त्याच वर्षी आलेल्या सर्वम-१ या २ अब्जांच्या मॉडेलनेही मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी तुकडे नव्याने पाडले. गूगलच्या जेम्मा ३ चा संग्रह अडीच लाखांच्या वर आहे, आणि त्यात मराठी शब्द दोनतीन तुकड्यांत बसतो.

याचा अर्थ असा, की सेकंदाला पाच टोकन म्हणजे मराठीत सेकंदाला दोन शब्द. शंभर शब्दांचं पत्र जेमतेम मिनिटभरात. मठाला पुरेसं आहे. इंग्रजी वाचकांसाठी छापलेले वेगाचे तक्ते पाहून यंत्र घेऊ मात्र नका. ते आकडे आपल्याला निम्मेच लागू पडतात.

मॉडेल उतरवून झालं की वायफाय बंद करा, केबल काढा आणि मग प्रश्न विचारा. उत्तर आलं तर ते घरचं. ओलामाच्या यादीत काही नावांच्या शेपटीला ‘क्लाउड’ लागलेलं असतं. ती मॉडेलं त्यांच्या सर्व्हरवर चालतात, त्यांना हात लावू नका. पहिला प्रश्न असा विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला झोपेतही येतं. ‘नामदेव पायरी कुठे आहे आणि तिच्यासमोर कोणाची समाधी आहे?’ महाद्वार आणि चोखोबा ही दोन नावं आली तर नशीब. चार अब्जांचं मॉडेल बहुधा काहीतरी ठोकून देईल, तेही छातीठोकपणे, आणि मधूनच मराठीला हिंदी वळण देईल, लिंग चुकवेल. माहिती विचारायला ते घेऊच नये. माहिती आपण द्यायची, आणि तिच्यावरून पत्र, सूचना, गोषवारा एवढंच त्याच्याकडून करून घ्यायचं. दिंडीतली साठीच्या वरची माणसं किती, ही मोजदादसुद्धा त्याच्यावर सोपवू नका. एक्सेल ते काम बिनचूक करतं आणि २ जीबीच्या यंत्रावरही करतं.

मॅक वापरणाऱ्यांनी ॲपल मेन्यूत ‘अबाउट धिस मॅक’ पाहावं. एम-१ चिपची वाट सेकंदाला ६८ जीबीची आहे, म्हणून ८ जीबीचा साधा मॅकबुक एअरही आपल्या आय-३ ला मागे टाकतो; मावण्याची अट त्यालाही तीच.

तेव्हा या आठवड्यात चार नोंदी कागदावर लिहून ठेवा : मोकळी रॅम, रॅमचा स्पीड, भरलेले स्लॉट आणि डेडिकेटेड मेमरी. डिस्क जुनी फिरती असेल तर तेही लिहा. अडीच जीबी उचलायला तिला अर्धं मिनिट लागतं. पुढच्या लेखांकात या आकड्यांवरून मॉडेल निवडू.