ओळंबा घेऊन इगतपुरीला

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीजवळचा सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा जून 2025 मध्ये खुला झाला. आता मोटार काही मिनिटांत डोंगराच्या पोटातून पार होते. पण इगतपुरी हे गाव मोठे का झाले, हे मोटारीतून कळणार नाही. त्यासाठी आगगाडीनेच जायला हवे.

मुंबईहून निघालेली लोकल कसाऱ्यालाच थांबते. म्हणून इगतपुरीला थांबणारी लांब पल्ल्याची गाडी निवडा. बरोबर दोरा, एक लहान वजन, मोजपट्टी आणि वही घ्या. दोऱ्याला वजन बांधून 74 सेंटिमीटर लांबीचा ओळंबा करा. कसाऱ्याला गाडी उभी असताना डब्याच्या आत, दारापासून दूर, तो टांगा आणि वजनाच्या खाली कागदावर खूण करा.

कसाऱ्याहून गाडी थळ घाट चढू लागते. सुमारे 15 किलोमीटरमध्ये ती जवळजवळ 300 मीटर वर जाते. सर्वांत उभा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर गाडी 1 मीटर उंच होते. अशा ठिकाणी, वेग स्थिर असेल तर, ओळंबा खुणेपासून मागच्या बाजूला किती सरकेल? 74 भागिले 37, म्हणजे 2 सेंटिमीटर! चढ कमी असेल तेथे तो कमी सरकेल, आणि वळणावर कडेलाही झुकेल. गाडी हलते, तेव्हा दहा वेळा मोजून सरासरी काढा.

दोन सेंटिमीटर ही काही मोठी गोष्ट वाटत नाही. पण हिशेब करून पहा. आपली गाडी 1000 टनांची आहे असे धरू. सपाटीवर ती ओढत राहायला साधारण 5 टन वजनाइतका जोर पुरतो. या चढावर गुरुत्वाकर्षण तिला आणखी 1000 भागिले 37, म्हणजे 27 टनांनी मागे खेचते. एकूण झाले 32 टन. इंजिनाचे वजन सुमारे 120 टन. कोरड्या रुळावर पोलादी चाकांची पकड या वजनाच्या साधारण चौथ्या भागाइतकी, म्हणजे 30 टन. पावसात ती आणखी कमी. इंजिनात शक्ती कितीही असो, चाके जागच्या जागी घसरू लागतील!

म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. इगतपुरीला ती सोडवली जातात. फलाटावर उतरून, सुरक्षित अंतरावरून, हे काम जरूर पहा.

1 जानेवारी 1865 रोजी हा घाटमार्ग सुरू झाला. इंजिने जोडणारे, सोडणारे, ब्रेक तपासणारे, रूळ राखणारे लोक घाटमाथ्यावर राहू लागले. स्टेशनपासून पायी फिरताना रेल्वेची वसाहत दिसेल ती यामुळेच. पुढे विजेच्या तारांनीही गावाला काम दिले. मुंबईकडे 1500 व्होल्टची डीसी आणि पलीकडे 25000 व्होल्टची एसी वीज असल्याने गाड्यांची इंजिने येथे बदलावी लागत. 2016 पर्यंत मुंबईपर्यंतचा सारा मार्ग एसी झाला आणि ते काम संपले. 2019 मध्ये या मार्गाने सुरू झालेल्या राजधानी एक्स्प्रेसला पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे इंजिने लावली, त्यामुळे तिला बँकरची गरज उरली नाही. प्रवाशांचा वेळ वाचतो, हे चांगलेच. पण ज्या अडचणीवर गाव जगले, ती सुटत गेली की गावाने काय करावे? वसाहतीत निवृत्त रेल्वे कामगार भेटले तर त्यांना हे विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या.

परतताना घाट उतरताना आणखी एक गणित करा. 1000 टनांची गाडी 300 मीटर खाली आली की सुमारे 800 युनिट ऊर्जा मोकळी होते. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराला ती आठ महिने पुरेल. यातली बरीचशी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जात असे. आजच्या थ्री-फेज इंजिनांच्या मोटारी उतरताना जनित्राचे काम करतात आणि तिचा काही भाग तारेत परत पाठवतात.

तेव्हा उतरतानाही ओळंबा टांगा. या वेळी तो कोणत्या बाजूला सरकेल, ते आधी सांगा आणि मग पडताळून पहा.