पर्यटकाचा व्हिसा : निघण्यापूर्वी की पोहोचल्यावर?

व्हिसा म्हणजे एखाद्या देशाने परकीय नागरिकाला आपल्या भूमीवर येण्यासाठी दिलेली संमती होय. पारपत्र प्रवाशाला त्याचा स्वतःचा देश देतो. व्हिसा मात्र तो ज्या देशी जाणार, तो देश देतो. वकिलातीत अर्ज भरावयाचा, पारपत्र तेथे ठेवावयाचे आणि काही दिवसांनी शिक्का उमटवून ते परत आणावयाचे, अशी याची रूढ रीत. पर्यटकांच्या सोयीसाठी या रीतीला पुढे दोन पर्याय निघाले. पहिला, विमानतळावर उतरल्यानंतर तेथेच मिळणारा आगमनोत्तर व्हिसा; दुसरा, घरी बसून इंटरनेटवरून अर्ज केल्यावर मिळणारा इलेक्ट्रॉनिक व्हिसा. निर्णय कोठे व केव्हा होतो, यात या दोहोंमधील खरा भेद आहे. भारताने दोन्ही पद्धती अवलंबिल्या असल्याने हा भेद येथील अनुभवावरून स्पष्ट होतो.

जानेवारी 2010 मध्ये भारत सरकारने जपान, सिंगापूर, फिनलंड, लक्झेंबर्ग आणि न्यूझीलंड या पाच देशांच्या नागरिकांसाठी आगमनोत्तर व्हिसा सुरू केला. दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता या चार विमानतळांवर तो मिळू लागला. 2011 मध्ये आणखी सहा देशांची त्यात भर पडली. तथापि 2013 च्या संपूर्ण वर्षात या मार्गाने अवघे 20,294 पर्यटक आले. त्या वर्षी भारतात आलेल्या विदेशी पर्यटकांची संख्या सुमारे एकोणसत्तर लाखांहून अधिक होती. म्हणजे हजारांत तिघांनीही या सवलतीचा लाभ घेतला नाही.

याचे कारण या पद्धतीच्या रचनेतच सापडते. प्रवासी दारात येऊन उभा राहिल्यानंतर त्याची छाननी सुरू होते. अर्ज, छायाचित्र, परतीचे तिकीट, शुल्क हे सारे रांगेतच पार पाडावयाचे असते, आणि अधिकाऱ्याला थोड्या अवधीत निर्णय घ्यावा लागतो. नकार मिळाल्यास प्रवाशाला आल्या पावली परतावे लागते. अशा स्थितीत ही सवलत मोजक्याच देशांपुरती ठेवणे कोणत्याही सरकारला सुरक्षित वाटावे, हे स्वाभाविक आहे.

27 नोव्हेंबर 2014 रोजी भारताने छाननीची जागाच बदलली. 43 देशांच्या नागरिकांना इंटरनेटवरून अर्ज करून, छायाचित्र व पारपत्राच्या पानाची प्रत जोडून आणि शुल्क भरून प्रवासाची पूर्वानुमती मिळू लागली. गोव्याच्या दाबोळीसह नऊ विमानतळ यासाठी खुले झाले. गोव्यात मोठ्या संख्येने येणाऱ्या रशियन पर्यटकांचा देशही या यादीत होता. अनुमतीची छापील प्रत घेऊन प्रवासी येई; बोटांचे ठसे देई; आणि मग पारपत्रावर शिक्का पडे.

या योजनेच्या नावात मात्र 'आगमनोत्तर' हा शब्द तसाच राहिला होता. त्यामुळे काही न करता विमानात बसावे आणि भारतात उतरल्यावर व्हिसा मागावा, असा समज होण्यास वाव राहिला. असा समज महागात पडतो. कारण प्रवाशाची पहिली तपासणी परदेशातल्या विमानतळावर विमान कंपनीचा कर्मचारी करीत असतो. योग्य कागदपत्रांवाचून प्रवासी आणणाऱ्या वाहतूकदारास दंड करण्याची तरतूद भारताने 2000 सालच्या कायद्याने केली होती, आणि 2025 च्या नव्या कायद्यातही वाहतूकदारांचे हे दायित्व राखलेले आहे. त्यामुळे अनुमती नसलेल्या प्रवाशाला कंपनी विमानात चढूच देत नाही. अखेर एप्रिल 2015 मध्ये योजनेचे नाव बदलून 'ई-पर्यटक व्हिसा' असे करण्यात आले.

2014 मध्ये या सवलतींखाली 39,046 पर्यटक आले होते. 2015 मध्ये ही संख्या 4,45,300 वर गेली. ही वाढ केवळ नव्या पद्धतीची किमया मानणे योग्य नव्हे. ऑगस्ट 2015 पर्यंत पात्र देशांची संख्या 113 झाली होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. परंतु छाननी आधी होऊ लागल्यामुळेच एवढ्या देशांना दार उघडता आले, असे म्हणावे लागते.

आगमनोत्तर व्हिसा त्यानंतर नाहीसा झाला असे मात्र नाही. 2016 मध्ये जपानच्या, 2018 मध्ये दक्षिण कोरियाच्या आणि 2019 मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या नागरिकांसाठी तो निवडक विमानतळांवर पुन्हा देण्यात येऊ लागला. अमिरातीच्या बाबतीत तर पूर्वी भारताचा व्हिसा मिळालेला असण्याची अट होती. ज्यांच्याविषयी आधीच विश्वास आहे, त्यांच्यासाठीच ही सवलत राखली जाते, हे यावरून दिसते.

पूर्वानुमतीच्या मार्गातही धोके आहेतच. नाव किंवा पारपत्राचा क्रमांक भरताना एक अक्षर चुकले, तरी दारात अडचण उभी राहते. एकदा भरलेले शुल्क परत मिळत नाही. सरकारी संकेतस्थळासारखी भासणारी बनावट स्थळे भोळ्या अर्जदाराकडून पैसे उकळतात. म्हणूनच मध्यस्थाची गरज नाही, असे सरकारने स्पष्ट केले आहे. शिवाय अनुमती हाती असली, तरी प्रवेशाचा अंतिम अधिकार आप्रवास अधिकाऱ्याकडेच असतो. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे भारताने आधी दिलेले पर्यटक व्हिसाही स्थगित केले, आणि पाच वर्षे मुदतीचे व्हिसा मार्च 2022 मध्ये पुन्हा ग्राह्य धरले गेले.

तरीही दोन्ही मार्ग खुले असतील, तर निघण्यापूर्वी अनुमती घेणेच सामान्य प्रवाशाच्या हिताचे ठरते. घरी मिळालेला नकार शुल्कापुरते नुकसान करतो. परक्या विमानतळावर मिळालेला नकार तिकिटाचे पैसे, ठरलेले दिवस आणि मनःस्वास्थ्य हे सारे हिरावून नेतो. परदेशी निघालेल्या आपल्याकडील प्रवाशालाही हाच न्याय लागू पडतो. नियम वारंवार बदलतात. म्हणून त्या देशाच्या अधिकृत सूचना स्वतः वाचाव्यात, आणि मगच तिकीट काढावे.