पट्ट्याची जाळी आणि हजेरीचं रजिस्टर

वसमतला हळदीचा हंगाम भरात आला की पॉलिशचे ड्रम दिवसभर फिरत असतात. मोटर ते ड्रम असा पट्टा कमरेच्या उंचीवर धावतो, त्याच्याच कडेने पोती, घमेली घेऊन बायकांची ये-जा चालते, हवेत पिवळी धूळ. पदराचं टोक पट्ट्यात जायला एक क्षण पुरतो. हलत्या भागांना भक्कम जाळी हवी आणि यंत्र चालू असताना ती जागेवर हवी, हे १९४८च्या कारखाना कायद्यानेच सांगितलं होतं. दुरुस्तीसाठी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली जाळी म्हणजे जाळी नसणंच. तरी सरकारी तपासणी म्हटलं की मालक आधी रजिस्टर शोधतो.

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या हळद आणि जिनिंगच्या धंद्यात सर्वांत खोल रुजलेला गैरसमज हा : ‘आपलं काम हंगामी, माणसं मुकादमाची, आपल्याला कुठला कायदा?’ चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी २० आणि विजेविना चालणाऱ्यासाठी ४० कामगार ही किमान मर्यादा आहे. मोजणी मात्र आजच्या हजेरीवर थांबत नाही. मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी तेवढी माणसं कामावर असली तरी पुरे. ऐन हंगामातला तो गर्दीचा दिवस आठवा. मुकादमाने आणलेली माणसंही त्यात धरली जातात.

‘निरीक्षकाला कळवल्याशिवाय येता येत नाही’ हेही खरं नाही. कोणाची तपासणी करायची हे आता संगणकीय निवडीने ठरवता येतं, आणि निरीक्षकाला आत येण्याचा, कागद पाहण्याचा, कामगारांशी बोलण्याचा अधिकार आहे. त्याच संहितेने त्याच्यावर सल्ला देण्याचं कामही सोपवलं आहे. ते फार थोड्यांना ठाऊक आहे. बॉयलरची तपासणी मात्र वेगळ्या खात्याची, बाष्पके संचालनालयाची.

सर्वांत जास्त चीड आणणारं वाक्य अपघातानंतर ऐकू येतं : ‘चूक त्याचीच होती, घरच्यांना पैसे देऊन मिटवलं.’ मृत्यू झाला, किंवा दुखापतीमुळे माणूस ४८ तास वा अधिक कामावर येऊ शकला नाही, तर अधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. घरच्यांशी झालेली तडजोड ही जबाबदारी पुसत नाही. मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाखांचा दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातली निम्मी किंवा अधिक रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

पट्टा बदलायला, बेअरिंगला ग्रीस घालायला हंगामाआधी मिस्त्री येतोच. त्याच दिवशी जाळीसाठी वेल्डरलाही बोलवा, आणि सर्व ड्रमांचं माप एकदमच द्या.